कागदावरचे आबा

माझ्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाच्या जागी फक्त ‘आबा’ लिहिलेलं आहे, हे परदेशात नोकरी लागेपर्यंत माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर पासपोर्ट निघाला, पासपोर्टवर विद्यार्थी व्हिसा मिळाला, आणि जन्मदाखला दोंडाईच्याच्या घरी कपाटात पडून राहिला. पुढे शिक्षण संपलं, नोकरी लागली. आता विद्यार्थी व्हिसा संपायच्या आत कंपनीने माझा कामाचा व्हिसा काढायचा होता. नाही निघाला तर नोकरी सोडून परत यायचं, इतकं सरळ.

कंपनीच्या वकीलबाईंनी दाखला मागवला आणि दोन दिवसांत उलटा सवाल केला. हे ‘आबा’ कोण? पासपोर्टवर ज्यांचं नाव आहे तेच तुमचे वडील, याचा पुरावा द्या. माझं डोकंच फिरलं. फी घेताना माझा बाप कोण हे या देशात कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. नोकरी द्यायची म्हटल्यावर बरी आठवण झाली!

घरी फोन केल्यावर उलगडा झाला. माझा जन्म आईच्या माहेरी, पाचोऱ्याकडचा. नोंद करताना नर्सने नवऱ्याचं नाव विचारलं. आई नवऱ्याचं नाव घेत नाही. वडिलांना पणजोबांचं नाव ठेवलेलं, ते थोरल्यांचं नाव तोंडी नको म्हणून घरात लहानपणापासून सगळे त्यांना आबाच म्हणत, तेच तिने सांगितलं. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा ती ‘आबांचं नाव घेते’ म्हणून निसटली होती. कॉलेजात असताना मी यावरून तिच्याशी कडाकडा भांडले होते. “घे ना नाव, जीभ झडणार आहे का?” ती निवांत भाजी निवडत बसली होती.

नोंद दुरुस्त करून घ्यायला आबा जळगावला गाडी बदलून पाचोऱ्याकडे गेले. सोबत आधार कार्ड, प्रतिज्ञापत्र, लग्नपत्रिकासुद्धा. नोंदणीच्या टेबलावरचा बाबू म्हणाला, “नोंदीत तुमचं नावच नाही. म्हणजे कागदोपत्री तुमचा या मुलीशी संबंध नाही. नाव मुलीच्या आईने सांगितलंय, तिला आणा.” ज्या माणसाने मला सायकलवर डबल सीट शाळेत सोडलं, त्याला हे ऐकवलं. आणि आबांनी मान डोलावून ऐकून घेतलं, याचा मला बाबूपेक्षा जास्त राग आला.

पुढच्या खेपेला आई गेली. मला लावलेला फोन आबांच्या खिशात चालूच होता. मला दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं.

“मावशी, नवऱ्याचं नाव सांगा.”

“ह्या समोर उभा शेतस ना, त्यास्लेच इचारा.”

“तुम्हीच सांगायचं. नाहीतर अर्ज परत.”

मला ओरडून सांगावंसं वाटलं, चल तिथून, मला नको तो व्हिसा. पण मी ओरडले नाही. मला तो व्हिसा हवा होता. आणि जे तिने बोलावं म्हणून मी भांडले होते, ते आता एक परका माणूस माझ्याच कामासाठी तिच्या तोंडून काढून घेत होता.

आई काहीतरी पुटपुटली.

“ऐकू नाही आलं. जोरात.”

ती पुन्हा बोलली. बाबू म्हणाला, “अजून जोरात.” तेव्हा मात्र आईचा तोल गेला. सगळं कार्यालय दणाणेल असं तिने आबांचं खरं नाव घेतलं, आजोबांच्या नावासकट, आडनावासकट.

आणि फोनच्या अगदी जवळून आबांनी ओ दिली, “काय वं?”

तिथली माणसं हसली. बाबूही हसला, म्हणाला, “पटली ओळख.” आई हसली नाही. मीही नाही.

दुरुस्त दाखला आला, मुदतीच्या आठवडाभर आधी व्हिसाही आला. मी घरी फोन केला. आबा खूश झाले, दोनदोनदा विचारत राहिले. मग आईने फोन घेतला.

“आते परत कोनी इचारी नही ना?”

“नाही, आई.”

“मंग ठेव. मी आबाले चहा दी येस.”