अण्णांची तांबडी पेन्सिल

माझ्या आयुष्याला एका पुस्तकाने वळण लावलं. ते मी पूर्ण वाचलेलं नाही.

पुस्तकाचं नाव सांगत नाही, कारण लेखकाचे वारस शनिवार पेठेत राहतात आणि त्यांच्याकडे भांडायला भरपूर वेळ आहे. यशस्वी जगण्याचे नियम सांगणारं पुस्तक. दहावीच्या सुट्टीत ते मला वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, कपाटात सापडलं. अण्णा गणिताचे मास्तर. माझ्याशी दोनच विषयांवर बोलत: मार्क आणि विनाकारण चालू असलेला दिवा. आणि इथे मात्र त्यांनी तांबड्या पेन्सिलीने कितीतरी वाक्यांखाली रेघा मारलेल्या! मला गहिवरून आलं. जे बापाला तोंडाने सांगता येत नाही, ते त्याने पेन्सिलीने सांगून ठेवलंय! मी तेवढीच वाक्यं पाठ केली. (बाकीचं कशाला वाचायचं? अण्णांनी निवडून दिलं होतंच.)

आणि तसाच जगलो. 'बारमाही थंड पाण्याने स्नान करावे.' केलं. पुण्याच्या जानेवारीतही! 'वधूस तिच्या आवडी विचारू नयेत, अपेक्षा वाढतात.' बघण्याच्या कार्यक्रमात मी सुनंदाला एवढंच विचारलं, "पंख्याचं बटण कुठलं?" 'पत्नीची स्तुती संसारास घातक.' सव्वीस वर्षं पाळलं. आणि सगळ्यात जाड रेघ याच्याखाली: 'नोकरी कंटाळवाणी असणे हेच तिच्या स्थैर्याचे लक्षण. ती सोडू नये.' एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर मी तेहतीस वर्षं शिक्के मारतोय. नोकरी इतकी स्थिर, की माझ्या खुर्चीखालची फरशी खचली आहे.

गेल्या रविवारी जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या राजीनामा देतेय. हिंजवडीत आणखी एक वर्ष काढलं तर वेड लागेल मला. मी आणि मैत्रीण खडकवासल्याला कुत्र्यांचं पाळणाघर काढतोय."

मी हातातला घास ताटात ठेवला. पण ओरडलो नाही. ('क्रोध मनात साठवावा.' त्याखालीही रेघ होती.) उठलो, पुस्तक आणलं आणि उभ्याने ते जाड रेघेचं वाक्य वाचून दाखवलं.

"सई, हे माझं म्हणणं नाही. तुझ्या आजोबांचं आहे. खूण त्यांनीच केलीय."

समोरच जेवायला बसलेल्या अण्णांनी ताकाची वाटी खाली ठेवली. "बघू." चष्मा पुसून त्यांनी पान बघितलं. "हां! हे ते गाढव."

"कोण, अण्णा?"

"लेखक. यातल्या मूर्ख वाक्यांवर मी खुणा केल्या आणि त्याला पत्र पाठवलं. अकरा पानांचं. उत्तर नाही! पुस्तक लिहायला वेळ असतो, उत्तर द्यायला नसतो."

सई जेवायची थांबली. "आजोबा, म्हणजे जिथे रेघ, तिथे चूक?"

"तांबडी पेन्सिल आणखी कशासाठी असते? छत्तीस वर्षं वह्या तपासल्यात मी."

"आणि बाबा, मास्तरांचे चिरंजीव असून तुम्हाला एकदाही शंका आली नाही?"

मी अण्णांकडे वळलो. "चाळीस वर्षं मी गार पाण्याने कुडकुडत अंघोळ करतोय! एका शब्दाने बोलला नाहीत?"

"मला वाटलं, तुझा स्वभाव आहे."

"मलाही तेच वाटायचं," सुनंदा शांतपणे म्हणाली. "म्हटलं, माणूस जन्मतःच असा आहे, काय करणार? सहन केलं. आज कळतंय, हे मेहनत घेऊन असे झालेत!"

खरं सांगतो, मला राग नाही आला. लाज वाटली. जी रेघ मी गळ्यात बांधून फिरलो, तीच पोरीच्या गळ्यात घालायला निघालो होतो, तेही जेवणाच्या ताटावर!

"दे राजीनामा," मी म्हणालो. "कुत्री तरी सुखी होतील."

सईने मला मिठीच मारली. "तुम्हीही द्या ना, बाबा! आम्हाला माणूस हवाच आहे. उद्या दोघं मिळून देऊ!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. अण्णासुद्धा. क्षणभर मला खरोखर मोकळी हवा लागल्यासारखं झालं. मग आठवलं, निवृत्तीला चौदा महिने उरलेत.

"नको," मी म्हणालो. "तेहतीस वर्षं चुकीचं उत्तर इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिलंय, आता खोडवत नाही."