जर्मनीतली चौथी

शेवगावहून जर्मनीला मुलाकडे निघताना मी बॅगेत शाल आणि नारळ घातला, तेव्हा बायकोने विचारलं, तिकडं कुणाचा सत्कार काढलाय? नातीच्या बाईंचा, म्हणालो. मास्तरांच्या अंगावर शाल पडली की पुढचं बोलणं सोपं जातं. मी सातवी नापास, बैलबाजारात दलाली करून पोरगा इंजिनियर केला. एवढं मला कळतं. नारळ विमानतळावरच काढून घेतला. शाल राहिली.

जर्मनीत पोरं चौथीपर्यंत एकत्र शिकतात, मग त्यांची वाटणी होते. एक शाळा विद्यापीठाकडे नेते, दुसरी कचेरीकडे, तिसरी कारखान्याकडे. कोण कुठे, हे वर्गाच्या बाई सुचवतात. दहा वर्षांच्या पोराचं. बाजारात नुकतेच दोन दात आलेल्या कोवळ्या गोऱ्ह्याबद्दलसुद्धा शहाणा माणूस इतकं ठाम बोलत नाही.

शाळेत आम्हा बापलेकांना बाईंनी पोरांच्या बारक्या खुर्च्यांवर बसवलं. नातीलाही मध्ये बसवलं, तशी तिथली पद्धत आहे. बाई बोलत होत्या, मुलगा मला मराठीत सांगत होता. गणित उत्तम, लेखन बरं, पण पोरगी वर्गात आपणहून हात वर करत नाही. तिथे वर्गात बोलण्यालाही मार्क असतात, आणि ते पेपरच्या मार्कांइतकेच मोलाचे. म्हणून मधली शाळा.

विचारलं तर बरोबर सांगते का, मी पुसलं. सांगते, बाई म्हणाल्या.

"मग विचारा की. पगार कशाचा घेता?"

हे मुलाने पुढे पोचवलंच नाही. बाईंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, त्यावरून मी ओळखलं. मग मी सहा महिन्यांची मुदत मागितली, तेवढ्यात पोरीला बोलती करतो म्हणालो. त्यावर बाईंनी नुसती नकाराची मान हलवली. तेव्हा मी उठलो आणि त्यांना काही कळायच्या आत शाल खांद्यावर घातली.

बाई ताडकन उभ्या राहिल्या. शाल काढली, नीट घडी करून माझ्यापुढे ठेवली आणि मुलाशी हळू आवाजात बोलल्या. त्याचा चेहरा पडला.

"अप्पा, इथं हे चालत नाही. निकालाआधी काही दिलं की लाच धरतात."

"लाच? मान हाय तो."

"त्यांना नकोय. बसा तुम्ही."

नातीने सगळं ऐकलं आणि खाली बघत राहिली.

घरी जाताना माझा राग निवावा म्हणून मुलगा म्हणाला, बाईंचं म्हणणं म्हणजे नुसता सल्ला आहे, या राज्यात शेवटचा शब्द आईबापांचा. मी रस्त्यातच थांबलो.

"मग घाल की वरच्या शाळेत."

"बाई म्हणतात, तिला झेपणार नाही."

"बाई म्हणत्यात. आन् तू कोण?"

"तिचा बाप. तुम्ही मला रेटलंत तसं मी तिला रेटणार नाही."

मी रेटलं म्हणून तो त्या देशात उभा होता. पहिल्याच भावाला मान डोलावणाऱ्या गिऱ्हाइकांवर मी आयुष्यभर पोट भरलं. माझाच पोरगा तसला निघाला. आणि त्या बाईंना तर कुणी भाव करतंय हेच ठाऊक नाही. असल्या माणसांशी भांडायचं तरी कसं?

नात मधल्या शाळेत गेली. चांगले मार्क आणले तर तिथून वर सरकता येतं, एवढी एक फट त्या लोकांनी ठेवली आहे. म्हणून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तिला पाढे विचारतो, आणि हात वर केल्याशिवाय उत्तर घेत नाही. मागून मुलगा म्हणतो, अप्पा, सुट्टी आहे तिला. त्याच्याशी मी अजून सरळ बोलत नाही.

मागच्या रविवारी मी काही विचारायच्या आतच तिचा हात वर होता. बोल, म्हणालो.

"आजोबा, मला हीच शाळा आवडते."

आपणहून बोलली, हे खरं. पण सौदा अजून तुटलेला नाही. मी तेराचा पाढा विचारला.