अण्णांची उजळणी आणि माझे गप्प बसणे

पारोळ्याहून फिटरचे सर्टिफिकेट घेऊन मी सुरतला आलो आणि हजिऱ्याकडच्या एका गॅस कारखान्यात नोकरी मागायला उभा राहिलो, तेव्हा तिथल्या कॉम्प्रेसर विभागाचे फोरमन होते दगाजीराव बोरसे. ज्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघत आहे, ते आपले अण्णा. सर्टिफिकेटकडे त्यांनी पाहिलेही नाही. विचारले, "दाब म्हणजे काय?" मी ऐटीत म्हणालो, "गेजवर दिसतो तो." अण्णा शांतपणे म्हणाले, "मंग गेज काढी टाका, ते दाब राहस का नई?" परक्या शहरात आपली अहिराणी कानावर पडली, ती माझे अज्ञान उघडे पाडायला! तरीही त्यांनी मला ठेवून घेतले.

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला निघतात. अण्णांनी सुरतेतच बमरोलीला आपल्या गावाकडच्या लोकांच्या मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. त्याचे नाव त्यांनी साधेच ठेवले, 'उजळणी'. गॅस दाबला की का तापतो, किती पट दाबला हे काढताना गेजच्या आकड्यात बाहेरच्या हवेचा दाब का मिळवायचा, गॅस दाबता येतो पण पाणी का दाबता येत नाही, एवढेच तिथे पुन्हा पुन्हा शिकवले जाई. वीस-वीस वर्षे मशीन चालवलेल्यांनाही अण्णा पहिलीच्या पोरांसारखे बसवत. "पाढे इसरनात ते हिसाब चुकस; आठलं इसरनात ते हात जास," असे ते म्हणत; आठलं म्हणजे इथलं. हॉल भरून माणसे बाहेर पायऱ्यांवर बसत. कारखान्यांचे सुपरवायझर आपली माणसे मुद्दाम पाठवत.

या वर्गाची एक रीत होती. आरंभी प्रत्येकाने उभे राहून त्या आठवड्यातली आपली एक चूक सांगायची आणि पहिली चूक अण्णांची. कामाची चूक नसेल तर ते घरची सांगत. माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगत असूनही कुकरच्या शिट्टीतला भाताचा कण त्यांनी काढला नव्हता, आणि डाळ छतापर्यंत गेली होती. हे त्यांनी भर वर्गात सांगितले, आणि त्याच डाळीवरून, बाहेर काही येत नाही म्हणजे आत काही नाही असे नव्हे, हा तुंबलेल्या वाटेचा धडा अर्धा तास शिकवला. मी पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसलो होतो.

त्यानंतर चारच दिवसांनी ते घडले. गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरण्याआधी त्यातले पाणी आणि तेल खाली बसावे म्हणून एक टाकी असते. तिचा कॉक उघडून ते पाणी काढून टाकणे हे माझे काम होते. मी कॉक उघडला. थेंबही आला नाही. टाकी रिकामी आहे असे समजून मी लॉगशीटमध्ये, म्हणजे रोजच्या नोंदींच्या कागदावर, 'कोरडी' असे लिहिले आणि पुढे गेलो. टाकी काठोकाठ भरली होती. खालची नळी गाळाने तुंबली होती. टाकीच्या बाजूला लावलेल्या काचेच्या नळीतली पातळी बघायला मला एक क्षण पुरला असता. ते पाणी कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये गेले, पिस्टनला ते दाबता आले नाही, आणि फुटलेल्या झाकणाचा तुकडा मशीनशेजारी उभ्या असलेल्या माझ्या सहकारी रमणभाईंच्या उजव्या हातावर बसला. त्यांची दोन बोटे गेली. मशीन तपासायला कारखान्याने जुने फोरमन म्हणून निवृत्त अण्णांनाच बोलावले.

त्या रविवारी हॉल गच्च होता. मी सांगणारच होतो. रीतीप्रमाणे आधी अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "तुंबलेल्या वाटेचा धडा मी हसण्यावारी नेला. नीट शिकवला नाही. ही चूक माझी आहे." मग माझी पाळी आली. मी म्हणालो की या आठवड्यात पाना जागेवर ठेवायला विसरलो. सगळे ऐकत होते. अण्णांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे पाहिले.

पुढे जे झाले त्याला मी जबाबदार आहे. 'मास्तरच कबूल करतात की चुकीचे शिकवले' असे कारखान्यांत पसरले. सुपरवायझरांनी माणसे पाठवणे बंद केले. अण्णांनी कुणाला खुलासा केला नाही. ते दर आठवड्याला कोसाडला रमणभाईंच्या घरी जात आणि त्यांना डाव्या हाताने लॉगशीट लिहायला शिकवत. रमणभाईंची नोकरी त्यामुळे टिकली. मी एकदाच त्यांच्यासोबत गेलो. रमणभाईंनी मलाच चहा पुढे केला, आणि पुन्हा जाण्याचे धैर्य मला झाले नाही.

आता नवी पोरे म्हणतात, "अंकल, स्क्रीन पे सब आ जाता है." त्यांना कोणत्या तोंडाने समजावू? गेल्या रविवारी वर्गाला मी एकटाच होतो. अण्णांनी फळा पुसला, स्वतःची चूक सांगितली आणि तासभर शिकवले, रिकाम्या सतरंजीकडेही बघून.

वर्ग सुटल्यावर मी त्यांच्यापाशी सगळे बोललो. ते म्हणाले, "मले तवयच माहीत व्हतं. लॉगशीट मी देखी व्हती."

"मग सांगितलं का नाहीत, अण्णा?"

"तुन्ही नोकरी जाती. अन् मले वाटनं, पुढला रविवारले तू सोता सांगशी." खडू डबीत ठेवत म्हणाले, "लई रविवार गयात रे."

हे छापू नकोस, असेही त्यांनी बजावले. गुरूंची आज्ञा मी मोडत आहे. तुंबलेल्या वाटेचा धडा अण्णांनी उत्तम शिकवला होता. चूक माझी होती, आणि नंतर गप्प बसलो ती त्याहून मोठी. हे वाचून हॉल पुन्हा भरेल अशी आशा मला नाही. उशीर फार झाला आहे, आणि गेलेली माणसे अशी परत येत नाहीत.

अण्णा, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, माईंची सोबत लाभो. येत्या रविवारी आपण पहिले उठू नका. आधी मला उभे राहू द्या, समोर कुणी नसले तरी.