दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं कुलूप

आमच्या गल्लीत कुणाची किल्ली हरवली, की आधी धाकट्याला हाक जायची आणि मग देवाला. धाकटा म्हणजे कुलूपवाला. थोरला त्याचा बाप. तो गेला तरी हा धाकटाच राहिला. माझं शिवणकामाचं दुकान त्याच्या टपरीला खेटून, त्यामुळे त्याचं बरं-वाईट सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. कुलपाला कान लावून तार अशी फिरवायचा, की मालकाचं "जमेल का हो?" पुरं व्हायच्या आत दार उघडं. मग बेट्याला पावडरीचा नाद लागला. हात थरथरायला लागले, गिऱ्हाईक तुटलं, बायको माहेरी निघून गेली. मी शिव्या घातल्या, समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

दोनदा त्याने सोडायचं ठरवलं आणि दोनदा पळून गेला. तिसऱ्या वेळी स्वतःच मोठ्या बहिणीला म्हणाला, "ताई, मला कोंडून घाल. कितीही ओरडलो तरी दार उघडू नका." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज येऊन बघून जाईन म्हणाले.

आता शहाण्या माणसाने बाहेरून कडी घातली असती. पण हे पडलं कुलूपवाल्यांचं घर. कडीवर भरवसा ठेवणं म्हणजे थोरल्याचा अपमान. माडीवरच्या खोलीला त्याने स्वतः बनवलेलं कुलूप होतं, दारातच बसवलेलं, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं. ते पोराला उघडणार नाही असं आईचं ठाम मत, कारण ते तिच्या नवऱ्याचं होतं. ताईने खोलीची झडती घेतली, बादलीची कडीसुद्धा काढून नेली. आणि खालच्या सगळ्यांना बजावलं, वर कितीही आरडाओरडा झाला तरी कुणी फिरकायचं नाही.

आई दाराबाहेर स्टुलावर बसून असायची. आत तो ओकायचा, भिंतीवर डोकं आपटायचा, तिला नाही नाही ते बोलायचा. ही शेंगा सोलत म्हणायची, "बोल बाबा, बोल. पण मधेमधे पाणी पी." एकदा तो लहान मुलासारखा रडायला लागला, तेव्हा दाराला पाठ लावून तीही रडली.

वाईट दिवस सरत आले होते. एका दुपारी स्टूल पडल्याचा आवाज झाला. त्याने हाक मारली, उत्तर नाही. दाराखालच्या फटीतून आईचा हात दिसत होता, मुठीत किल्ली. फटीत त्याची बोटं शिरेनात. गळा फाटेस्तोवर तो ओरडला. खाली ऐकू गेलं. पण ओरडणं रोजचंच, त्यात ताईची ताकीद. मी नेमका दोरे आणायला बाजारात गेलो होतो.

मग त्याने गादीच्या शिवणीत लपवलेली तार काढली.

ती पहिल्या दिवसापासून तिथे होती. पळायचं म्हणूनच ठेवलेली. जीव नकोसा झाला तेव्हाही त्याने तिला हात लावला नव्हता. आता लावला, तर हात ऐकेनात. तार निसटायची, खाली पडायची, आतली खीळ सरकता सरकता राहून जायची. शेवटी दार उघडून तो बाहेर आला तेव्हा आई गेलेली होती.

बाहेरून आलेली ताई आणि बाजारातून आलेला मी एकदमच वर पोचलो. तो आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. ताईने उघडं दार पाहिलं, मग तार पाहिली.

"तार होती तुझ्याकडे?"

"होती."

"म्हणजे कधीही निघून जाता आलं असतं तुला."

"आलं असतं."

ती आईचे पाय धरून मोठ्याने रडली. जी गोष्ट ऐकून आईने गल्लीभर मिरवलं असतं, ती ऐकायला आई राहिली नव्हती. मला तिथे उभं राहवेना.

आईला पोचवून आल्यावर तो पुन्हा त्याच खोलीत गेला आणि उरलेले दिवस दार उघडं ठेवून काढले. आता टपरीवर बसतो. परवा माझ्या कपाटाचं कुलूप अडकलं, ते त्याने चुटकीसरशी काढून दिलं.

मी म्हणालो, "वा, हात आला की जागेवर."

त्याने तार पुसून ठेवली. "त्या दिवशीही एवढाच वेळ लागला असता, काका."

उगाच म्हणालो, "विसर रे आता."

"विसरायचं औषध ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "तेच तर सोडलंय."