राखेच्या अहवालातली राहिलेली ओळ

प्रयोगशाळेत माझं काम विष शोधायचं. पोलिसांकडून बहुतेक बाटल्या यायच्या, रक्ताच्या नाहीतर यकृताच्या तुकड्याच्या. त्या वेळी मात्र सीलबंद डबा आला. आत स्मशानातून गोळा केलेली राख आणि हाडांचे पांढरे तुकडे. सेलूकडच्या एका लग्न झालेल्या मुलीचे. माहेरचे पोचायच्या आत सासरच्यांनी दहन उरकलं होतं. तिला फवारणीचं औषध पाजलं, असा आईचा संशय होता.

आर्सेनिकसारखं विष राखेतही सापडू शकतं. फवारणीचं औषध आगीत जळून जातं. ते सापडणार नाही, हे मला डबा उघडतानाच ठाऊक होतं. तपासणी करून मी छापील कागदावर लिहिलं, ‘विष आढळले नाही.’ खाली आणखी एक ओळ हवी होती, की यावरून विष दिलंच नव्हतं असं म्हणता येत नाही. टेबलावर कामाचा ढीग होता. ओळ राहिली.

नालवाडीत माझ्या दारावर एक मावशी भाजी घेऊन यायच्या. मध्ये कितीतरी महिने दिसल्या नव्हत्या. एका रविवारी आल्या आणि वांगी तोलता तोलता म्हणाल्या, “पोरगी गेली न बाई माही. मले वाटे, जवायानं औषध पाजलं. पोलिसांत गेलतो आमी. पण राखेचा रिपोर्ट आला, काईच नाई निंगालं. मंग आमीच त्याच्या घरी जाऊन माफी मागून आलो. उगाच बोल लावला म्हणून.”

मी मुलीचं गाव विचारलं. तेच होतं.

मी त्यांना आत बसवलं आणि सगळं सांगितलं. तो कागद मीच लिहिला होता, हेही.

मावशी म्हणाल्या, “तुमाले मालूम होतं, मंग काऊन नाई लिवलं?”



मी सांगितलं तसा त्यांनी पोलिसांत अर्ज दिला. प्रयोगशाळेला विचारणा झाली, मी खुलासा लिहून दिला. पण खुलाशाने पुरावा तयार होत नाही. राखेखेरीज काही उरलंच नव्हतं. प्रकरण तिथेच थांबलं.

हे सांगायला मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला.

“आता काय करू बाई,” त्या म्हणाल्या, “मागितलेली माफी वापस घ्याले जाऊ?”