चाळीतली ती दुपार

मिल बंद पडली आणि आमच्या चाळीतले पुरुष दिवसभर ओट्यावर बसायला लागले. आधी पाळ्यांमुळे कोण कधी येतो-जातो, कुणाला पत्ता नसायचा. मी आणि माझा जोडीदार त्याच मिलमधले, एका खोलीत राहायचो. लोक समजत, दोघं सडे आहेत, सोबतीने राहतात.

एका दुपारी खिडकी उघडी राहिली. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता, मी त्याच्या केसांतून हात फिरवत होतो. समोरच्या ओट्यावरून कुणीतरी पाहिलं. थोड्याच वेळात माझा थोरला भाऊ चार-पाच जणांना घेऊन आला. त्याचीही नोकरी त्याच मिलसोबत गेलेली.

त्यांनी लाथांनी दार पाडलं.

"दादा, आधी ऐक तरी," मी म्हणालो.

त्याने सायकलची चेन माझ्या तोंडावर मारली. दोन दात पडले. मग सगळे जोडीदारावर तुटून पडले. त्याच्या जबड्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी ते थांबेनात.

शेजारच्या काकूंनी चुलीवरची उकळती पेज आणून दादाच्या पायांवर ओतली. तो ओरडत बाजूला झाला.

"हा इथे मेला तर पोलीस आमच्या सगळ्यांच्या घरात शिरतील," त्या म्हणाल्या. "निघा भिया, बहोत हो गया."

ते निघाले. काकू त्यानंतर आमच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "इसे क्या हुआ?"

"जिन्यावरून पडला," मी सांगितलं.

"और तुम?"

"मीही."

आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, भंवरकुआंला खोली घेतली, तिथल्या कोचिंगच्या मुलांसाठी मेस काढली. त्याचा जबडा नीट उघडत नाही. पोळी वरणात कुस्करून द्यावी लागते.

पुढे काही वर्षांनी आई गेली. आम्ही दोघंही अंत्ययात्रेला गेलो. तो तिरडीला हात लावायला वाकला, तेवढ्यात दादाने त्याला ढकललं.

"तू दूर हो."

मी दादाच्या नाकावर ठोसा मारला. तो पडला, तरी मी मारत राहिलो. माझ्या मुठीला त्याचं रक्त लागलं आणि मला बरं वाटलं. जोडीदाराने मागून घट्ट धरलं तेव्हा कुठे थांबलो.

"सोड. आई ताटकळलीय," तो दातांमधून पुटपुटला.

त्याने मागचा बांबू खांद्यावर घेतला. कुणी अडवलं नाही. दादा उठला, सदऱ्याने नाक पुसलं आणि मडकं धरून पुढे चालू लागला.