प्रमोद इंगळे प्यायलेला नव्हता

ही पोस्ट एकच विधान सिद्ध करण्यासाठी लिहीत आहे: प्रमोद इंगळे मेला तेव्हा प्यायलेला नव्हता.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून त्याच्या नावाने फिरणाऱ्या पोस्ट मी वाचल्या. सगळ्या. हे काम सुखाचं नव्हतं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी. प्रमोद वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यातून यूपीएससीसाठी दिल्लीला आला, मुनिरक्यात खोली घेऊन राहिला, दोनदा नापास झाला आणि पिऊ लागला. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. दिल्लीतच, लक्ष्मीबाई नगरला मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये रविवारी मराठी मुलांकडून निबंध लिहून घेत असे. त्याचे निबंध वाईट असत.

मग त्याने दारू सोडली.

रोज संध्याकाळी दारू सोडणाऱ्यांच्या सभेला जाऊ लागला. पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद सभा, असा तिथला प्रघात. त्यानंतर त्याने नऊ गाण्यांचा अल्बम केला. नाव ‘नव्वद सभा’. गिटार, माउथ ऑर्गन, शब्द मराठी आणि चाली थेट अमेरिकेतल्या गुराख्यांच्या.

मी विचारलं, "वाशीमच्या माणसाला हे गुराख्यांचं संगीत कशाला?"

"मॅडम, आमच्याकडे गुरं नाहीत असं कोण म्हणालं तुम्हाला?"

रेकॉर्डिंग खोलीतच, खिडकीला रजई लावून. तिसऱ्या गाण्यात कुकरची शिट्टी ऐकू येते. ती काढ, असं मी सांगितलं.

"राहू द्या ना यार... सॉरी, मॅडम. शेजारच्या भाभी डाळ लावत होत्या. त्या दिवशी मी सभा सोडून दारूच्या ठेक्याकडे निघालो होतो. त्या म्हणाल्या, खाके जा. जेवलो, आणि मग गेलोच नाही."

शिट्टी राहिली.

अल्बम मला आजही पूर्ण पसंत नाही. माउथ ऑर्गन अति आहे, यमकं ढिली आहेत. पण त्यात एकही खोटं वाक्य नाही. आज शोक करणाऱ्यांबद्दल मला हे म्हणता येत नाही.

एक गृहस्थ लिहितात, "दारूनेच त्याला गाणी दिली."

पीत होता त्या चार वर्षांत त्याने एकही गाणं पुरं केलं नाही. सोडल्यावर वर्षाच्या आत नऊ केली. कारण कोणतं आणि अडथळा कोणता, हे ज्यांना कळत नाही त्यांनी निदान मेलेल्यांवर लिहू नये.

दुसरे आज संध्याकाळी हौज खासला जमणार आहेत. "पम्याच्या नावाने एक पेग!" ज्याने पेग नाकारण्यावर अख्खा अल्बम केला, त्याला ही मानवंदना. अल्बम ऐकला असता तर लाज वाटली असती. ऐकलेला नाही, म्हणून इमोजी टाकता येतात.

तिसरं वाक्य सर्वांत हलकं. "शेवटी परत लागलाच ना. सॅड."

हे वाक्य वर्षभर फिरत फिरत त्याच्या गावी पोचलं. मागच्या आठवड्यात त्याच्या आईंचा फोन आला. त्यांनी मुलाचा अल्बम अजून ऐकलेला नाही. दारू सोडणं, गाणी, सगळं खोटंच निघालं, असं त्यांना वाटत होतं.

"बाई, खरं सांगा मले. पोरगा परत पेयाले लागला होता का?"

"नाही."

"तुमाले कसं ठाऊक?"

मी सांगितलं. त्याला मेंदूज्वर झाला होता. इस्पितळात आणला तेव्हा तो बरळत होता, म्हणून डॉक्टरांनी रक्तातलं अल्कोहोलही तपासून घेतलं. आढळलं नाही; बरळणं मेंदूज्वराचंच, असं त्यांनी लिहिलं. कागद त्याचा रूममेट सचिन याने जपून ठेवले आहेत, आणि मी ते स्वतः वाचले आहेत. विधान सिद्ध झालं.

त्यांनी ते सगळं मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या,

"मंग लोकायले हे सांगतलं कोनं?"

प्रश्न रास्त होता. शोधून सांगते, असं मी म्हणाले.

आज पेगला बोलावणाऱ्यांपैकी एका गृहस्थांना तेव्हाच विचारलं. त्यांनी क्लासमधल्या एका जुन्या मित्राचं नाव सांगितलं. त्या मित्राने सचिनचं. रविवारी सचिनला घरी बोलावलं.

"तो प्यायलाय, हे तू पसरवलंस?"

"त्या दिवशी एकदोघांना बोललो होतो, मॅडम. रिपोर्ट यायच्या आधी."

"तुला कुणी सांगितलं?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "रहने दो ना, मॅडम."

"नाव सांग."

"तुम्हीच."

खरं आहे. शोधताना मी स्वतःला मोजलंच नव्हतं.

त्या दुपारी प्रमोदचा मला फोन आला होता. जीभ जड होती, वाक्यं जुळत नव्हती. मी म्हणाले, "शुद्धीवर आलास की बोल," आणि फोन ठेवला. मग सचिनला लायब्ररीत फोन करून सांगितलं, "तो प्यायलाय. झोपू दे त्याला." सचिनने झोपू दिलं. मॅडम पुराव्याशिवाय बोलत नाहीत, हे या मुलांना मीच शिकवलं होतं. इस्पितळात त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी नेलं.

हे मी पोस्ट लिहिण्याआधी आईंना फोनवर सांगितलं. त्यांनी फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने मीच म्हणाले, "त्याची गाणी पाठवते." त्या म्हणाल्या, "पाठवा."

वर ज्यांना मी नावं ठेवली, त्यांच्याबद्दलचं मत मी बदललेलं नाही. पण त्यांनी ऐकीव गोष्ट पसरवली. ती रचली मी.

चूक कबूल: दारुडे अडखळत बोलतात, प्रमोद अडखळत बोलत होता, म्हणून तो प्यायलेला आहे, असा निष्कर्ष मी काढला. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हा निष्कर्ष फेटाळतो. त्यात प्रमोदची एक अख्खी दुपार आणि एक रात्र गेली.

प्रमोद, तू प्यायलेला नव्हतास.

— वत्सला आगाशे